नाव हवंय की अवयव?

दुपारी झोप लागत नाही, पाहुणेही यायचे नाहीत, मॅच तर आधीच हरलेली. अशा रविवारी एखादी संख्या पाळायला घ्या. कुत्र्यापेक्षा स्वस्त पडते. ही बघा: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकी, म्हणजे साधारण पावणेपंधरा लाख कोटी-कोटी. दिसते अगडबंब, पण आहे फक्त २ चा ६७ वा घात वजा १. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे मागणारा तो शहाणा आठवतो? त्याला वर आणखी तीन घरं दिली असती तर नेमके एवढेच दाणे मोजावे लागले असते.

आता नाव कमवायचं असेल तर मेर्सेनचा कित्ता गिरवा. पॅरिसच्या या धर्मगुरूने १६४४ मध्ये सरळ यादीच देऊन टाकली: २५७ पर्यंतचे हे अकरा घात घ्या, १ वजा करा, मूळ संख्या तयार. यादीत आपला ६७ होता. आणि चुका किती? पाच. ६७ आणि २५७ उगाच घुसलेले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले. तरी या जातीच्या संख्यांना आजही मेर्सेनचंच नाव आहे. तेव्हा यादी करा, तपासत बसू नका.

तेवढं धाडस नसेल तर फ्रेंच गणिती ल्यूका व्हा. १८७६ मध्ये त्याने सिद्ध केलं की ही संख्या मूळ नाही, हिचे अवयव पडतात. कोणते? ते विचारायचं नाही. ‘हिशोबात घोळ आहे एवढं नक्की’ म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये खाली बसणारे काका असतात ना, तसंच. फरक इतकाच, की ल्यूकाकडे पुरावा होता.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर काम करा, फ्रँक नेल्सन कोलसारखं. ऑक्टोबर १९०३, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची न्यूयॉर्कची सभा. कोल फळ्यापाशी गेला आणि, असं सांगतात, तोंडातून अक्षर न काढता २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ मांडून गुणाकार केला. दोन्हीकडे तेच उत्तर. टाळ्या! किती वेळ लागला, असं पुढे कुणी विचारलं तेव्हा म्हणे, ‘तीन वर्षांचे रविवार.’

तुम्ही मात्र नुसते भाग देत बसू नका. हिचा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, एवढी सवलत आहे. पण धाकटा अवयव त्या रांगेत १४,४५,५८० वा उभा आहे. रविवारी शंभर भागाकार केलेत तरी पावणेतीनशेच्या वर वर्षं जातील. कोलने डोकं वापरलं होतं.

ग्रुपवर टाकायला मसाला हवा? अंकांची बेरीज १०९, तिची १०, तिचा १. एकचा स्वामी रवी. उगाच नाही रविवारी सुटली!

पडताळा घ्यायला मोबाइल काढू नका, बहुतेक कॅल्क्युलेटर एवढ्या संख्येचे शेवटचे अंक गिळतात. चौकटीची वही घ्या आणि कोलच्या मोठ्या अवयवाला धाकट्याने गुणा. शून्याची ओळ सोडली तर आठच ओळी. ७ ने तीनदा गुणायचंय, एकदा करा आणि दोनदा उतरवून काढा.