रायचूरची लढाई धर्मयुद्ध होती का?

समाजमाध्यमांवर एक मजकूर सातत्याने फिरतो आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी दख्खनमध्ये दोनच पक्ष होते, एकीकडे समस्त हिंदूंचे विजयनगर आणि दुसरीकडे एकजुटीने उभे असलेले सुलतान, आणि कृष्णदेवरायाने 1520 मध्ये रायचूर जिंकले तो या धर्मयुद्धातला सर्वांत मोठा विजय होता, असा त्याचा आशय आहे. कृष्णदेवरायाबद्दल मला नितांत आदर आहे आणि म्हणूनच त्याचा इतिहास इतका सपाट करून सांगितलेला पाहवत नाही.

प्रथम रायचूर. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधल्या सुपीक दुआबासाठी विजयनगर आणि बहमनी राज्य चौदाव्या शतकापासून झुंजत होते आणि बहमनी राज्य फुटल्यावर तो वाद आदिलशाहीकडे वारशाने आला. 1520 च्या मोहिमेचे निमित्तही व्यवहारातलेच होते. नुनीझ या पोर्तुगीजाच्या वृत्तांतानुसार, रायाने घोडे खरेदीसाठी मोठी रक्कम देऊन गोव्याला पाठवलेला एक मुसलमान हस्तक आदिलशाही मुलखात पळून गेला आणि मागणी करूनही तो रायाच्या हवाली झाला नाही. एवढा पैसा रायाने एका मुसलमानाच्या हाती विश्वासाने सोपवला होता, ही गोष्ट त्या मजकुरात येत नाही. वेढ्याच्या वेळी रायाच्या बाजूने लढणारा पोर्तुगीज क्रिस्तोवाँव द फिगेरेदो आणि त्याचे बंदूकधारी तटावरच्या शिबंदीला टिपत राहिले, म्हणून रायाच्या माणसांना खाली तटाचे दगड उचकटता आले. आणि त्याच मोहिमेत आदिलशाही सरदार सलाबतखानाच्या हाताखालीही पोर्तुगीज लढत होते.

सुलतानांची एकजूट तर त्या काळात शोधूनही सापडत नाही. यूसुफ आदिलशाहाने विजापुरात शिया खुतबा (शुक्रवारच्या नमाजातले प्रवचन) सुरू करताच बीदर आणि अहमदनगर त्याच्यावर चालून गेले आणि त्याला वऱ्हाडच्या इमादशाहाकडे आसरा घ्यावा लागला. पुढे बुऱ्हाण निजामशाह त्याच इमादशाही घराण्याशी पाथरीसाठी लढला. फेरिश्ता हा दख्खनचा फारसी इतिहासकार सांगतो की, निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते आणि बुऱ्हाणला ते वडिलोपार्जित ठिकाण आपल्या राज्यात हवे होते. बदल्यात दुसरा मुलूख देण्याची तयारी दाखवूनही इमादशाहाने नकार दिल्यावर त्याने ते बळाने घेतले. त्या इमादशाहीचा संस्थापकही जन्माने विजयनगरच्या मुलखातला हिंदू होता.

हिंदू राजांच्या ऐक्याचा दावा याहून कच्चा आहे, कारण कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीतली सर्वांत दीर्घ मोहीम ओडिशाच्या प्रतापरुद्र गजपतीविरुद्ध होती. उदयगिरी जिंकल्यावर रायाने तिथली बाळकृष्णाची मूर्ती राजधानीत आणली आणि तिच्यासाठी हंपीचे कृष्णमंदिर उभारले. धर्माला राजकारणात स्थान नव्हते असे म्हणणाऱ्यांनाही हे मंदिर उत्तर देते, कारण देवाची प्रतिष्ठापना हा राजसत्तेचा जाहीर पुरावा होता आणि रायाची भक्तीही खरी होती. पण ज्याच्या किल्ल्यातून ती मूर्ती आली तो गजपती जगन्नाथाचा निस्सीम उपासक होता, आणि दोघांमधले वैर अखेर मिटले ते गजपतीने आपली कन्या रायाला देऊन आणि रायाने कृष्णेच्या उत्तरेकडचा जिंकलेला मुलूख त्याला परत करून.