न लपवलेलं सोनं

मार्च २०२५ मध्ये रावेरहून मामेभावाचा फोन आला. "ताई, तू तिकडे सोनं शोधायला जातेस ना, तसलं एक मशीन मला पाठव. पैसे हप्त्याहप्त्यानं देतो." रावेरहून बऱ्हाणपूर जवळच. बऱ्हाणपूरच्या पुढे असीरगडाच्या पायथ्याशी त्या आठवड्यात रात्री टॉर्चच्या उजेडात शेतं खणली जात होती. एका ऐतिहासिक चित्रपटात बऱ्हाणपूरच्या मुघली खजिन्याची गोष्ट आली होती. त्यातच महामार्गाच्या कामातली माती शेतात पडली होती आणि तिच्यात सोन्याची नाणी मिळाल्याची अफवा उठली. माणसं कुदळी आणि चाळण्या घेऊन निघाली, काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते. शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं.

त्यानंतर सुट्टीला घरी गेले, तेव्हा मामांच्या ओसरीवर याच विषयावर दोन तट पडलेले होते. मामांचं म्हणणं, या यंत्रांच्या जाहिराती सरकारनं बंदच कराव्यात, कारण त्या भोळ्या माणसाला वेड लावतात. भावाचं म्हणणं, जाहिरात कुणाच्या हातात कुदळ देत नाही, माणूस आपल्या हावेनं खणतो. दोघंही एक गोष्ट धरूनच चालले होते, की हातावर सोन्याचं ढेकूळ दाखवणारी जाहिरात सोनं शोधणाऱ्या माणसाला खेचते. अकरा वर्षं मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगोला राहते आणि त्यातली सात वर्षं रविवारी डिटेक्टर घेऊन रानात जाते. माझा अनुभव वेगळा आहे.

बेंडिगो, बॅलरॅट, डनॉली, वेडरबर्न हा सगळा पट्टा १८५१ नंतरच्या सोन्याच्या लाटेत वर-खाली झालेला. अजूनही रानात फिरताना पावलापावलावर जुने खड्डे आणि त्यांच्या कडेला उपसलेल्या मातीचे ढीग लागतात. या भागातल्या दुकानांच्या काचांवर डिटेक्टरच्या जाहिराती बाराही महिने असतात. सगळ्यांचं चित्र एकच: लाल माती, निळं आभाळ आणि मातीनं माखलेल्या तळहातावर पिवळा गोळा. या चित्राचं मूळ माझ्या मते १९८० सालात आहे. त्या सप्टेंबरमध्ये किंगोअरजवळ केविन हिलियर या माणसाला डिटेक्टरनं २७.२१ किलोचं ढेकूळ सापडलं. जमिनीखाली अवघ्या फूटभर अंतरावर ते उभं रुतलेलं होतं. 'हँड ऑफ फेथ' असं त्याचं नाव पडलं आणि लास व्हेगासच्या एका कॅसिनोनं ते दहा लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतलं. त्यानंतर डिटेक्टर विकणाऱ्यांना तळहाताखेरीज दुसरं चित्र शोधायची गरजच उरली नाही.

पण त्या चित्राकडे पाहतं कोण? ज्यानं अजून एकदाही डिटेक्टरची चकती जमिनीवरून फिरवलेली नाही, तो पाहतो. मला रानात नेणारे शेजारी सत्तरी ओलांडलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. चाळीस वर्षं ते हे करतात. नव्या यंत्राचं पत्रक हातात आलं की तळहाताचं पान ते सरळ उलटतात आणि एकच ओळ शोधतात: आधीच्या यंत्रापेक्षा किती खोल. ती ओळ वाचताना त्यांचा चेहरा बदलतो. मुरलेल्या शोधकाच्या मनाला एकच गोष्ट टोचत असते. ज्या ओघळीतून आपण तीनदा गेलो, गुडघे टेकून इंच-इंच तपासली, तिथंच काहीतरी राहून गेलंय आणि आपल्या यंत्राला ते ऐकू आलं नाही. जाहिरात या माणसाला धनाचा मोह घालत नाही. सोडून आलेल्या जमिनीची आठवण ती करून देते, आणि तिची खरी पकड तिथं आहे.

शिवाय ही टोचणी खोटी नाही, हे मला मान्य करायला हवं. इथल्या मातीत लोह फार. साध्या डिटेक्टरला मातीचाच गोंगाट इतका ऐकू येतो की सोन्याचा बारीक सूर त्यात बुडतो. १९९५ मध्ये अॅडलेडच्या माइनलॅब कंपनीचं 'एसडी २०००' आलं. जमिनीत चुंबकीय स्पंदनं पाठवून मातीचा आवाज बाजूला सारणारं ते यंत्र होतं. संपल्या म्हणून सोडून दिलेल्या जागा लोकांनी त्यानं पुन्हा पिंजून काढल्या आणि त्यातून पुन्हा सोनं निघालं. २०१५ मध्ये त्याच कंपनीचं 'जीपीझेड ७०००' आलं, तेव्हा जुनेजाणते पुन्हा आपापल्या जुन्या जागांकडे वळले. शेजारी त्या दिवसांबद्दल बोलतात तेव्हा आवाज हळू होतो, एखाद्या जुन्या घराबद्दल बोलावं तसा.

मग जाहिरातीतल्या "चाळीस टक्के जास्त खोल" अशा ओळीवर विश्वास ठेवावा का? इथं मात्र प्रत्येक घेणाऱ्यानं थोडं गणित करावं असं मला फार वाटतं. डिटेक्टरची चकती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यानं धातूच्या तुकड्यात विजेचे भोवरी प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं क्षीण क्षेत्र चकतीला परत ऐकू येतं. जाताना ते क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं आणि येतानाही तसंच. म्हणजे तुकडा लहान असेल आणि चकतीपासून बऱ्यापैकी खाली असेल, तर खोली दुप्पट झाल्यावर परत येणारा संकेत चौसष्ट पटीनं मंदावतो. याच हिशेबानं चाळीस टक्के जास्त खोलवरचा तोच तुकडा ऐकायचा तर यंत्राला साडेसात पट मंद संकेत पकडता आला पाहिजे. एखाद्या मातीत, एखाद्या आकाराच्या तुकड्यासाठी नवं तंत्र ही उडी मारू शकतं. सगळीकडे, सगळ्या सोन्यासाठी ती मारता येत नाही. त्या टक्क्यांशेजारी कोणती माती, केवढा तुकडा, केवढी चकती हे छापलं, तर मी अशा जाहिरातीला प्रामाणिक म्हणेन. मोठी चकती खोल ऐकते पण बारीक सोन्याला बहिरी असते, लहान चकतीचं उलट. कोणतं सोनं शोधायचं आहे हे ठरल्याशिवाय खोलीच्या आकड्याला अर्थ नाही.

माझं पहिलं डिटेक्टर मी तळहाताचं चित्र पाहूनच घेतलं होतं. पहिल्या अकरा महिन्यांत जे निघालं ते एका पत्र्याच्या डब्यात ठेवलंय: शिशाचे छर्रे, बुटांचे गंजलेले खिळे, डब्यांची झाकणं, बंदुकीच्या गोळ्या, घोड्याच्या नालेचा अर्धा तुकडा. प्रत्येक तुकड्यासाठी कडक मातीत कुदळ मारावी लागली, कारण सोन्याच्या कामाची चांगली यंत्रं सोनं आणि शिसं यांत खात्रीनं फरक सांगू शकत नाहीत. शिसं सोडायचं ठरवलं तर सोनंही सुटतं. बाराव्या महिन्यात ०.४ ग्रॅमचा एक दाणा निघाला, तांदळाच्या कणीएवढा. मी ओघळीतच बसून रडले. तो आनंद कुठल्याच जाहिरातीत मी पाहिलेला नाही. तो दाखवायचा म्हणजे आधी डबा दाखवावा लागेल.

२०२३ मध्ये याच भागात एका हौशी माणसाला ४.६ किलोचा दगड सापडला. त्यात २.६ किलो सोनं होतं, किंमत सुमारे २ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याच्या हातात स्वस्तातलं, नवशिक्यांना परवडेल असं डिटेक्टर होतं. वरच्या दर्जाच्या यंत्राला दहा हजार डॉलरपर्यंत मोजावे लागतात, त्याच्या शेजारी ही बातमी ठेवून पाहावी. आणि या पट्ट्यातलं सर्वांत मोठं ढेकूळ, ७२ किलो शुद्ध सोन्याचं 'वेलकम स्ट्रेंजर', १८६९ मध्ये मोलियागुल इथं जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर होतं. तेव्हा डिटेक्टर नव्हतेच. पाय कुठं पडतात, हेच शेवटी मोठं.

आता ओसरीवरच्या वादाकडे येते. मामांना मी सांगितलं की ऑस्ट्रेलियातली जाहिरात एकटी उभी नाही, तिच्या पाठीशी एक कायदा आहे. मायनर्स राइट नावाचा परवाना तीसेक डॉलरमध्ये मिळतो आणि दहा वर्षं चालतो. तो खिशात असला की सरकारी जमिनीवर, किंवा मालकाच्या संमतीनं खासगी जमिनीवर, हातानं चालणाऱ्या अवजारांनी सोनं शोधता येतं आणि सापडलेलं सोनं आपल्या मालकीचं ठरतं. खड्डा बुजवावाच लागतो. बहुतेक राष्ट्रीय उद्यानं वर्ज्य आहेत, आणि जाजा वुरुंगसारख्या मूळ रहिवाशांच्या वारशाच्या जागांना हात लावता येत नाही. हा हक्क कुणी दान दिलेला नाही. बॅलरॅटच्या खाणकऱ्यांवर सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंगचा परवाना लादला होता, सोनं मिळो न मिळो. ३ डिसेंबर १८५४ ला युरेकाच्या मेढेकोटावर त्यांनी सैनिकांशी लढून रक्त सांडलं. पुढच्याच वर्षी तो परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राइट आला, मतदानाच्या हक्कासकट. म्हणून इथला माणूस दिवसाउजेडी, शेजाऱ्याला हात करून रानात जातो.

असीरगडला माणसं रात्री का गेली? माझ्या मते सगळं या प्रश्नात आहे. तिथं ती जे शोधत होती ते कुणीतरी पुरलेलं होतं. आपल्याकडे सोनं म्हटलं की हंडा येतो, त्यावर नाग येतो, पायाळू माणूस येतो. कुणाचं तरी लपवलेलं धन, ते गुपचूपच काढायचं. बेंडिगोचं सोनं कुणी लपवलेलं नाही. गारेच्या शिरेतून कोट्यवधी वर्षांत ते झिजून ओघळीत आलं. त्याला मालक नाही, शाप नाही, राखणदार नाही. तळहाताचं तेच चित्र रावेरच्या पोराच्या नजरेला पडतं तेव्हा त्याला हंडा दिसतो, आणि हा फरक जाहिरात करणाऱ्याला माहीतसुद्धा नसतो. त्यात इथले माझे बरेचसे सोबती निवृत्तीनंतरच्या शिल्लक पैशातून यंत्र घेतात, भाऊ हप्त्यावर घेणार होता.

शिकलेल्या सरकारी व्यवस्थेलाही हा हंडा सुटलेला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, डौंडिया खेडा इथं, शोभन सरकार या साधूंच्या स्वप्नातल्या हजार टन सोन्यासाठी पुरातत्त्व खात्यानं खणलं. सोनं निघालं नाही. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकार त्यानं गुन्हा ठरवले. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'एडीई ६५१' नावाचं यंत्र विकणाऱ्या माणसाला दहा वर्षांची कैद झाली. मुठीत धरायचा दांडा, त्यावर झुलणारी काडी, आत चालणारं काहीच नाही. ते इराकला बॉम्ब शोधायला विकलं होतं. झुलत्या काडीची असलीच यंत्रं दूरवरचं सोनं दाखवण्याच्या नावानंही विकली जातात. वरचं गणित मनात असेल तर शंभर मीटरवरून जमिनीतलं सोनं दाखवणारं यंत्र असू शकत नाही, हे दहावीच्या मुलालाही पटवता येतं. असल्या जाहिरातींच्या बाबतीत मी पूर्णपणे मामांच्या बाजूची आहे. त्या फसवणूक म्हणूनच बंद व्हाव्यात, आजच.

खऱ्या डिटेक्टरच्या जाहिरातीवर बंदी मात्र मला नको. त्या जाहिरातीत कायदा सांगणं सक्तीचं करावं. १८७८ चा निखात निधी कायदा आपल्याकडे अजून आहे. जमिनीत लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मालक सिद्ध झाला नाही तर सापडवणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा मिळण्याची तरतूदही त्यातच आहे. कळवणाऱ्याला हक्क मिळू शकतो, हे ओसरीवर बसलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मामा तर निवृत्त शिक्षक. आणि नदीतल्या, मातीतल्या नैसर्गिक सोन्यासाठी हौशी माणसाला आपल्याकडे मायनर्स राइटसारखी वाट नाही, ती असावी का यावर तरी बोललं जावं. कष्टानं सोनं वेचणं आपल्याला परकं नाही. सोनाराची राख आणि गटारातली माती धुऊन कण काढणाऱ्याला आपल्या भाषेत झारेकरी हा शब्द आहे. पूर्व विदर्भातले सोनझरी नदीची वाळू धुऊन सोनं काढत आले. त्यांच्या हातातली पाटी कधी रात्री लपूनछपून चालली नाही.

भावाला मी मशीन पाठवलं नाही. पत्र्याच्या डब्यातलं सगळं ओतून, शेजारी तो ०.४ ग्रॅमचा दाणा ठेवून, त्याचा फोटो पाठवला. बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग त्याचा फोन आला. त्यानं सोन्याबद्दल विचारलं नाही. घोड्याच्या नालेबद्दल विचारलं: ती कुणाच्या घोड्याची असेल, किती जुनी, आणि मी ती टाकून का दिली नाही. पुढच्या वर्षी तो इकडे येतोय. त्याच्या नावाचा मायनर्स राइट मी आताच काढून ठेवणार आहे, आणि शेजाऱ्यांनी त्यांचं जुनं यंत्र त्याच्यासाठी बाजूला ठेवलंय.