चुंबकाला चिकटते म्हणून ते विष ठरत नाही

'जास्त फायबरच्या न्याहारी-सीरिअलमध्ये पोषण शून्य असते. तो लाकडाचा भुसा असून त्यात लोखंडाचा कीस मिसळलेला असतो. तो आतड्याचे अस्तर खरवडतो. आणि प्रयोगात रिकामा खोका खाणारे उंदीर सीरिअल खाणाऱ्या उंदरांपेक्षा जास्त जगले', असा संदेश एका चित्रफितीसह फिरतो आहे. डॉक्टरांनी बद्धकोष्ठतेसाठी तंतुमय आहार वाढवायला सांगितलेला असतानाही माझ्या सासूबाईंनी हा संदेश वाचून, घाबरून तो आहार बंद केला. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वाधिक भीती चित्रफितीमुळे पसरते. सीरिअल कुटून पाण्यात कालवले जाते, त्यात चुंबक फिरवला जातो आणि त्याला करडी भुकटी चिकटते. दिसते ते खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. ती भुकटी म्हणजे खाद्यपदार्थांसाठीच तयार केलेले, अतिशय बारीक दळलेले शुद्ध लोह होय. ते मुद्दाम घातलेले असते आणि घटकांच्या यादीत त्याची नोंदही असते. फेरस सल्फेटसारखे विरघळणारे क्षार शरीरात अधिक चांगले शोषले जातात, परंतु दीर्घकाळ साठवायच्या धान्यपदार्थांत त्यांच्यामुळे स्निग्धांश खवट होतो आणि चव व रंग बिघडतात, म्हणून अनेक उत्पादक ही भुकटी वापरतात. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लात तिचा काही भाग विरघळतो आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात इतर अन्नातल्या लोहासारखाच शोषला जातो. हे शोषण कमी होते, हे मान्य करायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत इलेक्ट्रोलिटिक लोह (विजेच्या साहाय्याने तयार केलेली अशीच लोहभुकटी) फेरस सल्फेटच्या दुप्पट घालावे असे सांगितले आहे, ते याच कारणासाठी. अशा सीरिअलमधल्या कोंड्यातील फायटिक आम्लही लोहाला बांधून ठेवते. सोबत क जीवनसत्त्व असलेले फळ खाल्ल्यास शोषण सुधारते. ज्यांच्या शरीरात आनुवंशिक दोषामुळे लोह साठत जाते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच असे पदार्थ खावेत. बाकीच्यांना 'लोखंडाचा कीस' म्हणून घाबरवणे घातक आहे, कारण लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण आहे आणि अशा भीतीचा सर्वाधिक तोटा लोहाची गरज असलेल्यांनाच होतो.

'पोषण शून्य' हा दावा आकड्यांपुढे टिकत नाही. कोंडा म्हणजे गव्हाच्या दाण्याचे बाहेरचे आवरण. त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 43 ग्रॅम तंतू (फायबर), 15 ग्रॅम प्रथिने आणि 600 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. सेल्युलोज (तंतूंचा एक प्रकार) लाकडात असते तसे प्रत्येक भाजीतही असते, म्हणून भाजीला कोणी भुसा म्हणत नाही. तंतू लहान आतड्यात पचत नाहीत हे खरे, पण त्यांचा काही भाग मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारे ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल हे तिथल्या पेशींचे मुख्य इंधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेला आणि 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला आढावा 185 निरीक्षणात्मक अभ्यास आणि 58 चाचण्यांवर आधारलेला आहे. भरपूर तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, टाइप 2 मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी आढळले, आणि दिवसाला 25 ते 29 ग्रॅम तंतूंना हा लाभ सर्वांत स्पष्ट दिसला.

आतडे खरवडले जाण्याच्या दाव्याला कोणताही आधार नाही. कोंडा पाणी धरून ठेवतो आणि मलाला मऊपणा व आकारमान देतो. मात्र पुरेसे पाणी प्यायला हवे, प्रमाण हळूहळू वाढवायला हवे आणि आतडे अरुंद झालेल्या रुग्णांनी स्वतःहून प्रयोग करू नयेत. उंदरांच्या गोष्टीत ना प्रयोगाचे वर्ष दिले आहे, ना प्रयोग करणाऱ्याचे नाव, त्यामुळे तिच्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

'खोक्यावरच्या शब्दांवर विश्वास ठेवू नका' हे संदेशातले एक वाक्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. युरोपीय संघाच्या नियमानुसार 100 ग्रॅममध्ये 6 ग्रॅम तंतू असले तरी 'हाय फायबर' असे छापता येते. म्हणजे 40 ग्रॅमच्या वाटीतून जेमतेम 2.4 ग्रॅम तंतू मिळतात, आणि त्याच खोक्यात साखर भरपूर असू शकते. ब्रिटनच्या रंगीत लेबल-पद्धतीत 100 ग्रॅममध्ये 22.5 ग्रॅमहून अधिक साखर असल्यास लाल खूण येते. म्हणून खोक्याच्या दर्शनी भागापेक्षा मागचा पोषणतक्ता पाहावा आणि त्यात 100 ग्रॅममागे तंतू किती व साखर किती हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी वाचावेत.