ताई, इथे फक्त एक सही

बहिणीकडून हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा दस्त, कसं करून घ्यावं हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी घरातल्या थोरल्याला ते बरोबर येतं. तुम्हाला येत नसेल तर पुढचं नीट वाचा. वडील नुकतेच गेले असतील आणि बहीण अजून माहेरीच असेल, तर आधी हे वाचा आणि मग चहा घ्या.

पहिली गोष्ट मुहूर्ताची. भाऊबीज टाळा. त्या दिवशी बहीण सावध असते, शिवाय जावई सोबत असतात. तेरावा उत्तम. घरातले सगळे रडून दमलेले असतात, मृत्यूच्या दाखल्याच्या दहा झेरॉक्स टेबलावर पडलेल्या असतात आणि ‘कागदपत्रं’ हा शब्द कुणाच्या कानाला टोचत नाही. आईच्या पेन्शनचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, गॅसचं कनेक्शन, आणि त्याच ओघात, ‘गुरुवारी जरा तालुक्याला जाऊन येऊ ताई, तासाभराचं काम आहे.’

बोलताना ‘हक्क’, ‘वाटा’ आणि ‘भाव’ हे तीन शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. ‘तुझं नाव कमी करायचंय’ एवढंच म्हणा. जणू सातबाऱ्यावर तिचं नाव टायपिंगच्या चुकीने पडलं होतं. ती ‘का रे?’ म्हणालीच, तर ‘उद्या तुला कशाला हेलपाटे?’ असं कळकळीने विचारा. पाठोपाठ ‘काही लागलं तर आम्ही आहोतच’ हेही म्हणा. हे वाक्य मात्र दस्तात घालू नका. तिथे त्याला अर्थ येईल.

कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ पासून. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात स्पष्ट केलं. खटल्याचं नाव वाचतानाच कळतं, भांडण कुणाकुणाचं होतं ते. पण एवढा सगळा खटाटोप सरकारने आणि कोर्टाने केला तरी तुमचं काही बिघडलं नाही. उलट भावाच्या नावे वडिलोपार्जित हक्क सोडायचा तर मुद्रांक नाममात्र. परवापरवापर्यंत २०० रुपये होता, २०२४ मध्ये ५०० झाला. तुम्ही ‘केवढी ही महागाई’ म्हणून हळहळा. शोभून दिसतं.

दस्ताची भाषा आयतीच मिळते. ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावास बळी न पडता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते की...’ ही राजीखुशी टायपिंगवाल्याने आदल्या रात्री टाईप केलेली असते. तेव्हा लिहून देणारी स्वयंपाकघरात तुमच्या पाहुण्यांच्या पोळ्या लाटत असते. पुढे चतुःसीमा येतात, मग जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. दोन खोल्या आणि एक मोरी असलेल्या घरातला निधी, म्हणजे पुरलेला खजिनासुद्धा, ती सोडते. मी स्वतः अशा दोन दस्तांवर साक्षीदार म्हणून सही केली आहे. दोन्ही वाचले नव्हते.

दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलात की थोडा धीर धरा. नंबर लागतो, सर्व्हर जातो, सर्व्हर येतो. ‘ताई, इकडे कॅमेऱ्यात बघा.’ ती पदर सारखा करते आणि फोटोत येते तशी हसते. मग अंगठा. तो उमटत नाही. ऑपरेटर म्हणतो, पुसून ठेवा. ती पदराला पुसून ठेवते, तरी नाही. तीस वर्षं भांडी घासून रेषा झिजल्यात, मशीन तरी काय करणार? चौथ्या खेपेला उमटतो. अशा वेळी मोबाईलमध्ये बघत उभं राहावं. बाहेर आल्यावर तिला मिसळ खाऊ घाला, पैसे तुम्हीच द्या. पुढे तिचं मन बदललं तर तो दस्त रद्द करून घ्यायला तिला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागेल आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागेल. मिसळीचं बिल तेवढ्यासाठी जपून ठेवा.

आता काही हुशार भाऊ याहून सोपा रस्ता काढतात. वडील हयात असतानाच त्यांच्या स्वकष्टार्जित घरावरचा ‘भावी हक्क’ बहिणीकडून सोडवून घेतात. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. फक्त १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं की वारस होण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. जे अजून तिचं झालंच नाही, ते ती सोडणार कुठून? दुसरे त्याहून काटकसरी. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा लाल शिक्का मारून घेतात आणि नोंदणी फी वाचवतात. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडणारा दस्त नोंदवावाच लागतो, असं १९०८ चा नोंदणी कायदा म्हणतो. पण शिक्का लाल असतो, गोल असतो. फ्रेम करून हॉलमध्ये लावा. कोर्टापेक्षा तिथे त्याला जास्त मान मिळेल.

घरावर कर्ज असेल आणि बहीण सहकर्जदार असेल तर सोन्याहून पिवळं. हक्कसोडपत्राने तिचं घर जातं, हप्ते जात नाहीत. बँक त्या दस्तात पक्षकार नसते, त्यामुळे बँकेचा जिव्हाळा कुणालाच सोडता येत नाही. हे ताईला सांगायची घाई नको, बँक सांगेल.

झालं सगळं. फेरफार, म्हणजे सरकारी दप्तरातली नावबदलाची नोंद, मंजूर झाला, मिळकत पत्रिकेवर तुमचं एकट्याचं नाव झळकलं, तुम्ही पेढे वाटले. चार वर्षांनी घर विकायला काढता, गिऱ्हाईक कर्ज घेणार असतं आणि बँकेचा वकील घराच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घेताघेता आणखी मागे जातो. चष्मा कपाळावर चढवून विचारतो, ‘हे घर मुळात आजोबांचं ना? ते १९७१ ला वारले. मृत्युपत्र नव्हतं. मग मुली कुठे आहेत?’

मुली म्हणजे तुमच्या आत्या. त्या वेळी फेरफारात फक्त वडिलांचं नाव लागलं होतं, ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून. आत्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांना विचारायची पद्धत नव्हती. नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे वकील तुम्हाला मिळकत पत्रिकेवर बोट ठेवून सांगतो. ताईने तुम्हाला तिचं होतं नव्हतं ते सगळं दिलं, पण आत्याचं ती कसं देणार? ‘जो काही हक्क असेल तो’ असंच तर तुम्ही लिहून घेतलं होतंत. तो किती, हे मोजायचं राहून गेलं.

थोरल्या आत्या आता नाहीत. त्यांचे पाच वारस, एक नातू अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, त्याच्या हिश्शाला कोर्टाची परवानगी लागेल. धाकट्या आत्या आहेत. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं, डोकं मात्र शाबूत. तेव्हा जाताना साडी न्या. नऊवारीच घ्या, सहावारी त्या नेसत नाहीत. आणि ताईलाही सोबत घ्या, कारण आत्या दारातच विचारणार, ‘तिला काय दिलंस?’