आकडा बदलू नका, पर्याय द्या

क्रुसेडर किंग्ज ३ या मध्ययुगीन राजघराण्यांच्या कॉम्प्युटर गेमसाठी मॉड (गेममध्ये खेळाडूंनीच केलेले फेरबदल) बनवणाऱ्यांनो, चार कमेंट आल्या की लगेच आकडे बदलायची सवय सोडा. दुखतंय कुठे हे खेळाडू बरोबर सांगतो. औषध मात्र बहुतेक वेळा चुकीचं सुचवतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. मॉडने राजाला एक मॉडिफायर (कायम लागू राहणारा अधिक-उणे आकडा) लावला: सगळ्या मांडलिकांचं मत उणे १५. तक्रार येते, "सारखी बंडं होतात, उणे ५ करा." आता आत काय घडतं ते बघा. फॅक्शनची, म्हणजे राजाविरुद्ध एकत्र आलेल्या मांडलिकांच्या गटाची, लष्करी ताकद राजाच्या ८० टक्क्यांवर गेली की असंतोष महिन्यामागून महिना चढतो, १०० ला पोचला की अल्टिमेटम हातात. उणे १५ सगळ्यांना एकदम लागतं, त्यामुळे काठावरचे चार-पाच सरदार एकाच सुमारास फॅक्शनमध्ये शिरतात आणि ८० ची रेघ ओलांडली जाते. त्यात म्हातारा राजा मेला की नव्या राजाला कारकीर्द नवी असल्याचा मूळ गेमचाच दंड असतो. तुमचे १५ त्याच्या डोक्यावर बसतात. गेम इ.स. ८६७ पासून सुरू करून राष्ट्रकूटांसारखं अवाढव्य राज्य घेऊन बसलेल्याला हे फारच झोंबतं. सरसकट उणे ५ केलं तर बंडं कमी होतील, पण मॉडचा दमही जाईल. त्यापेक्षा गादीवर आल्यापासून पहिली ५ वर्षं तो मॉडिफायर लावूच नका.

तरीही कुणाला कडक हवं असतं, कुणाला सौम्य. त्यासाठी गेम रूल, म्हणजे खेळ सुरू करताना मेनूत निवडायचा नियम. कॉमन फोल्डरमधल्या गेम_रूल्समध्ये नवी फाइल करा, त्यात एक डीफॉल्ट आणि दोन पर्याय ठेवा आणि स्क्रिप्टमध्ये हॅज_गेम_रूलने तपासा. लोकलायझेशनमध्ये (पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये) नियमाच्या नावाआधी 'रूल_' आणि पर्यायाच्या नावाआधी 'सेटिंग_' जोडलेली की (मजकूर शोधायचं नाव) लागते. ती विसरली की मेनूत कच्चं नाव दिसतं. की बरोबर असूनही तेच दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये बॉमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) सेव्ह केली आहे का ते बघा. निम्म्या 'भाषांतर दिसत नाही' तक्रारी इथेच मिटाव्यात.

पण रूल्सची खिरापतही नको. ५ नियम, प्रत्येकी ३ पर्याय, म्हणजे २४३ जोड्या. तपासणार कोण? शिवाय नियम खेळ सुरू करतानाच ठरतो. मधूनच बदलण्याची सोय द्यायची असेल तर एक डिसिजन (खेळाडूने दाबायचा निर्णय) आणि ती निवड लक्षात ठेवणारं ग्लोबल व्हेरिएबल वापरा.

"तुमच्यामुळे दुसरा मॉड बंद पडला" ही तक्रार मात्र झटकू नका. मूळ ऑन-ॲक्शनमधला (गेममध्ये ठरावीक गोष्ट घडली की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) इफेक्ट ब्लॉक तुम्ही आपल्या फाइलमध्ये पुन्हा लिहिला असेल, तर आधीचा उडतो. इव्हेंटच्या याद्या एकमेकींत मिसळतात, इफेक्ट मिसळत नाहीत. स्वतःचा वेगळा ऑन-ॲक्शन लिहा आणि मूळच्या यादीत त्याचं फक्त नाव जोडा.

आता खेळाडूंसाठी. "चालत नाही" एवढ्यावरून कुणालाही काही कळत नाही. आधी तो एकच मॉड चालू ठेवून बघा. मग गेमची आवृत्ती, प्लेसेटमधला (चालू मॉडच्या यादीतला) क्रम, गडबडीच्या आधीचा सेव्ह आणि एरर लॉग द्या (डॉक्युमेंट्स, पॅराडॉक्स इंटरॲक्टिव्ह, क्रुसेडर किंग्ज ३, लॉग्ज). लॉग वरून वाचायचा असतो. एक महिरपी कंस सुटला की खाली शंभर ओळी उगाच बोंबलतात.

आणि स्टीम वर्कशॉपवरून (स्टीमचं मॉड वाटपाचं ठिकाण) घेतलेला मॉड आपोआप अपडेट होऊन चालू खेळ बिघडतो, त्यावर उपाय आहे. स्टीमच्या वर्कशॉप, कंटेंट, ११५८३१० या फोल्डरमधून मॉडची प्रत घ्या, डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या मॉड फोल्डरमध्ये टाका, बाहेरच्या डॉट-मॉड फाइलमध्ये पाथ बदला, रिमोट_फाइल_आयडीची ओळ काढा, आणि प्लेसेटमध्ये जुन्याच्या जागी हीच प्रत लावा.