फियाटची पॉवर म्हणे ‘डबल’!

साताऱ्यात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पद्मिनीचं (जुन्या फियाटचं) इंजिन बांधताना बोअर मोठा करा, हेड घासा, मोठा कार्ब्युरेटर बसवा, थर्मोस्टॅट आणि सायलेन्सर काढून टाका. पॉवर डबल! यवतेश्वर घाट टॉप गिअरमध्ये!’ हे वाचून कुणी खरंच गॅरेज गाठायच्या आत थोडा हिशेब करू.

आधी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. पद्मिनीचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज पिस्टन टाकला की बोअर एक मिमी वाढतो आणि सीसी होतात ११२२. म्हणजे तीन टक्के. मूळ पॉवर चाळीसेक हॉर्सपॉवर, त्यात भर पडली सव्वाची. बोअर केल्यावर गाडी पळायला लागते हे खरं. पण झिजलेल्या सिलिंडरमधून पिस्टनवरच्या रिंगांच्या कडेनं निसटणारं कॉम्प्रेशन (दाबलेल्या मिश्रणाचा जोर) परत मिळालं म्हणून. चोरीला गेलेले पैसे सापडले तर त्याला कुणी पगारवाढ म्हणत नाही.

तेही पूर्ण मिळेल की नाही, हे हातावर अवलंबून. पिस्टन आधी आणून लेथवाल्याकडे द्यायचे. त्यानं ते मापून मग बोअर करायचा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करायची आणि फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधला गॅप बघायचा. या बोअरला तो पाव मिमीच्या किंचित वर हवा. पाकिटातून काढली की चढवली, असे मेस्त्री पैशाला पासरी आहेत. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड सराफी काट्यावर तोलून चारही जोड्या सारख्या वजनाच्या केल्या तर पॉवर वाढत नाही, पण इंजिन वरच्या आरपीएमला थरथरत नाही.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून कॉम्प्रेशन रेशो साडेसातचा साडेआठ केला तर कागदावर फायदा चारेक टक्के. मग घाटात सेकंड गिअरला लोड आला की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून होणारी खडखड. ते थांबवायला टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्या, की कमावलेलं तिथंच गेलं. शिवाय हेड ॲल्युमिनियमचं; घासलेलं परत येत नाही. खरी कमाई त्याच हेडच्या पोटात आहे. व्हॉल्व्हला निळा रंग लावून सीटवर टेकवा, बारीक आणि अखंड गोल उमटला पाहिजे; तुटला तर पुन्हा ग्राइंडिंग. मॅनिफोल्डच्या (हेडला जोडलेल्या नळ्यांच्या) गॅस्केटची कड पोर्टमध्ये डोकावत असते, ती कापा. खर्च एका ब्लेडचा.

मोठ्या कार्ब्युरेटरनं कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि नेमकी चढावर गाडी धापा टाकते. त्यापेक्षा प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर उघडा: ठिणगी वेगाप्रमाणे आधी पाडणारी ॲडव्हान्सची वजनं गंजून अडकलेली, व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला, हे हमखास सापडतं. आणि महाबळेश्वरला गाडी मंदावली म्हणून मेस्त्रीशी भांडू नका. तिथं, साडेतेराशे मीटरवर, हवाच साताठ भागांत एक भाग विरळ आहे. नवंकोरं इंजिनही तिथं ढिलं पडतं.

सायलेन्सर काढून वाढतो तो आवाज, आणि पोलिसांचं लक्ष.

थर्मोस्टॅटचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप काढली की इंजिन लवकर तापत नाही, चोक (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारी खुंटी) जास्त वेळ ओढावा लागतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. नव्या रिंगा तिथंच घासायला लागतात.