बर्फ, रीसेल आणि हॉट हॅच : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हिवाळ्यात जिथे रस्त्यावर बर्फ साचतो तिथे फक्त पुढच्या चाकांवर चालणारी, जमिनीलगतची, ताकदवान टर्बो हॅचबॅक, म्हणजे हॉट हॅच, घेणं हा बेजबाबदारपणा. त्याच पैशांत ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) उंच क्रॉसओव्हर येते. शिवाय असली ‘पोरांची गाडी’ विकायला काढली की कुणी विचारत नाही. आणि मी सेकंड-हँड फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही हॉट हॅच घेतल्याचं कौतुकाने लिहून इतरांना भरीस घालतो आहे.

शेवटचा आरोप मान्य. भरीस घालतोच आहे. उरलेल्या दोन्हींशी मात्र माझं पटत नाही.

आधी बर्फ. ऑल-व्हील ड्राइव्हचा फायदा गाडी जागची हलवताना आणि चढ चढताना होतो, तो खराखुरा आहे. पण हिवाळ्यात जीव घाबरतो तो निघताना नाही, थांबताना. थांबायला किती अंतर लागेल हे वेग आणि टायर-रस्त्यामधलं घर्षण ठरवतं. ताशी ५० किलोमीटरला, कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक (टायरची रस्त्यावरची पकड दाखवणारा आकडा) ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटर लागतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२५ धरा, अंतर ४० मीटरच्या घरात जातं. पाणी गोठून काचेसारखा थर झाला असेल आणि ०.१ धरला, तर १०० मीटरच्या आसपास. या गणितात इंजिनाची ताकद किती चाकांना जाते याला जागाच नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी सहज पळते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाज चालकाला उशिराच येतो, हा त्यातला आणखी एक धोका.

घर्षण वाढवणारी, आपल्या हातात असलेली गोष्ट एकच : टायर. हॉट हॅचबरोबर बहुधा उन्हाळी परफॉर्मन्स टायर येतात. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होऊ लागतं, रस्ता कोरडा असला तरी. कडाक्याच्या थंडीत, उणे ७ च्या खाली वगैरे, असे काही टायर नुसते हलवले तरी तडकू शकतात, म्हणून ते साठवायचेही उबदार जागी. थंडीच्या टायरचं रबर त्या तापमानातही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फात रुततात. गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून घसरलं तर चप्पल बदलतात, पाय नव्हे. तुम्ही मात्र मला पाय बदलायला सांगताय.

घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह आहे का ते पाहा. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. जर्मनीत ऑक्टोबर २०२४पासून हिवाळी परिस्थितीत नुसत्या ‘एम प्लस एस’वाले टायर ग्राह्यच धरत नाहीत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च थंडीचे टायर बंधनकारक आहेत. हा नियम तुमच्या क्रॉसओव्हरलाही लागू आहे. कायद्याने ऑल-व्हील ड्राइव्हला सूट दिलेली नाही यातच काय ते आलं.

मी हिवाळ्यासाठी वेगळ्या रिमचा संच घेतलाय आणि माप एक इंच उतरवलंय : २२५/४०, १८ इंचीऐवजी २२५/४५, १७ इंची (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास). चाकाचा एकूण घेर जवळपास तोच राहतो, पण टायरची भिंत ९० मिलिमीटरवरून १०१वर जाते. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकणं टळतं ते या अकरा मिलिमीटरमुळे. त्याहून खाली जायची हौस असेल तर आधी पुढच्या ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला दाबणारे चिमटे) रिममध्ये मावतात का हे तपासा. ताकदवान हॅचचे ब्रेक मोठे असतात, सगळ्याच रिम बसत नाहीत.

आता चालवण्याबद्दल. अशा गाडीचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरच भार असतो, आणि बर्फात ते उपयोगी पडतं. अडचण येते टर्बोची : पाय जरा जड पडला की टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) एकदम उसळतो आणि चाकं जागच्या जागी फिरतात. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरवर बोटाइतकाच दाब ठेवायचा. ज्या गाड्यांना यांत्रिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) असतं त्या कोरड्या वळणावर स्वर्ग दाखवतात. पण निव्वळ गोठलेल्या रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम सुटून गाडी उताराच्या बाजूला सरकू शकते, हे ध्यानात असावं. आणि वळणात मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही. मागची बाजू हलकी असते, ती फिरते. प्यूजो २०५ जीटीआय या सवयीसाठी कोरड्या रस्त्यावरही बदनाम होती! आजच्या गाड्यांत ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप ताब्यात आणणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) सावरून घेतं, पण घर्षणच नसेल तर ते तरी काय सावरणार?

एका बाबतीत तुमचं पूर्ण खरं आहे : बर्फाची खोली. हॉट हॅचचं ग्राउंड क्लिअरन्स १३ सेंटिमीटरच्या आसपास, सुबारू फॉरेस्टरसारख्या गाडीचं २२. तुमच्या घरापर्यंतचा रस्ता कुणी साफ करत नसेल, किंवा यंत्र दुपारी येत असेल आणि तुम्हाला पहाटे निघायचं असेल, तर हॅच पोटावर बसेल आणि चाकं हवेत फिरतील. तिथे टायर काही करू शकत नाही. अशांनी क्रॉसओव्हरच घ्यावी, माझं काही ऐकू नये. पण साफ केलेल्या रस्त्यांवर सगळा हिवाळा काढणाऱ्या माणसाने वर्षातल्या मोजक्या सकाळींसाठी बाराही महिने उंच, जड गाडी का वागवावी?

रीसेलचं. इथे तुम्ही ‘किंमत किती उतरते’ आणि ‘मला वर्षाला किती पडते’ यांची गल्लत करताय असं वाटतं. घसारा सगळ्यात जास्त पहिल्या वर्षांत बसतो. समजा नवी गाडी १००ला घेऊन तीन वर्षांनी ६०ला विकली, तर वर्षाला तेराहून जास्त गेले. तीच तीन वर्षांची गाडी ६०ला घेऊन पाच वर्षांनी ३५ला विकली, तर वर्षाला पाच. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण रेषा अशीच वाकते. म्हणून मी जुनी घेतली आणि लवकर विकायचा विचार नाही. गाडी जितकी जास्त वर्षं वापराल तितकं रीसेलचं वजन कमी होत जातं, आणि चालवायला आवडणारी गाडी माणूस जास्त वर्षं ठेवतो. हा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही.

‘कुणी विचारत नाही’ हेही खरं नाही. फोर्डने जुलै २०२३मध्ये फिएस्टा बंद केली आणि तिच्याबरोबर फिएस्टा एसटीही गेली. ह्युंदाईने युरोपात पेट्रोलवरच्या आय२० एन आणि आय३० एन २०२४मध्ये थांबवल्या. नव्या गोल्फ जीटीआयला आता मॅन्युअल गिअरबॉक्स मिळत नाही. अशा गाड्या हव्या असणारे लोक मात्र कमी झालेले नाहीत. म्हणून भाव चढतील असं मी म्हणणार नाही, गुंतवणूक म्हणून तर मुळीच घेऊ नका. फक्त गिऱ्हाईक मिळेल. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात असावी. ईसीयू रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदललेली), मोठा सायलेन्सर लावलेली, सर्व्हिसचे कागद नसलेली हॉट हॅच पाहून शहाणा गिऱ्हाईक मागच्या मागे निघून जातो. बर्फाच्या प्रदेशात तो गाडीखाली वाकून गंजही बघणार, तेव्हा मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून फिरून आल्यावर खालची बाजू धुवत जा. विमा महाग पडतो, ते खरंच.

‘पोरांची गाडी’ यावर एवढंच : पहिली गोल्फ जीटीआय १९७६मध्ये विक्रीला आली तेव्हा ११० अश्वशक्ती आणि ८१० किलो वजन होतं. कंपनीने ५,००० खपतील असं धरलं होतं. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. त्या सगळ्या पोरांनी घेतल्या नव्हत्या. मागची सीट पाडली की कपाट मावतं, पुढे बसलं की घाटात हसू येतं, आणि हे दोन्ही एकाच गाडीत. माझ्या गाडीची डिकी ३८० लिटरची आहे, बऱ्याच छोट्या क्रॉसओव्हरच्या तोडीची.

तरीही चारही चाकांना ताकद हवीच असेल, तर त्यासाठी हॅचबॅक सोडायची गरज नाही : गोल्फ आर आहे, टोयोटाची जीआर यारिस आहे. दोन्ही माझ्या बजेटबाहेरच्या. तुम्ही घेतलीत तर थंडीचे टायर गाडीबरोबरच मागवा. पहिला बर्फ पडल्यावर हव्या त्या मापाचे मिळणं कठीण होतं.